‘सुसंगत ग्राफिक हार्डवेअर सापडलं नाही’: एका १०५० टीआयचं प्रकरण

एनव्हिडिया ही ग्राफिक कार्डांच्या चिपा बनवणारी कंपनी. विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि तो बसवणारा इन्स्टॉलर. एनव्हिडियाचा इन्स्टॉलर अडला की पडद्यावर एक वाक्य येतं, आणि ते सहसा कुणी वाचत नाही. लाल फुली दिसली की खिडकी बंद करायची आणि फोन लावायचा, ‘ड्रायव्हर बसत नाहीये.’ पण न बसण्याचेही प्रकार असतात. ‘इन्स्टॉलेशन फेल झालं’ असं आलं तर कार्ड ओळखलं गेलंय, फाइली टाकायला घेतल्यात, मध्येच कशाला तरी ठेच लागली. ‘हा ड्रायव्हर विंडोजच्या या आवृत्तीला चालत नाही’ असं आलं तर बहुतेक डाउनलोड करताना विंडोज चुकीची निवडली गेली. तिसरं वाक्य म्हणजे ‘या ड्रायव्हरला सुसंगत ग्राफिक हार्डवेअर सापडलं नाही.’ इथे एकाही फाइलीला अजून हात लागलेला नसतो. दारावरच नाव विचारलं आणि यादीत नाही म्हणून परत पाठवलं, एवढंच झालेलं असतं.

हे प्रकरण या तिसऱ्या वाक्याचं आहे. गेमिंगसाठी सेकंडहँड कार्ड घेणाऱ्या कुणाच्याही वाट्याला ते येऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीन आणि तक्रार

मशीन कोल्हापुरातल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याचं. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना टॉवर, चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. असे टॉवर सेकंडहँड बाजारात भरपूर मिळतात. त्यात ग्राफिक कार्ड टाकलं की स्वस्तात गेमिंग पीसी तयार होतो, आणि हा हिशेब चुकीचाही नाही. या पोराने ऑनलाइन जाहिरात बघून जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, असं कार्ड साडेतीन हजारांत घेतलं. पैसे यूपीआयने दिले, कार्ड कुरिअरने आलं. सोबत एक पेनड्राइव्ह होता आणि पेनने लिहिलेली चिठ्ठी होती: ‘ड्रायव्हर पेनड्राइव्हमधलाच टाकणे. अपडेट मारू नये.’

त्याने पेनड्राइव्हवरची बॅच फाइल, म्हणजे आज्ञा ओळीने लिहिलेली फाइल, चालवली. मशीन दोनदा रिस्टार्ट झालं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जीटीएक्स १०५० टीआय असं नाव आलं आणि पोरगं खूश झालं. डेस्कटॉप व्यवस्थित, यूट्यूब व्यवस्थित. जीटीए फाइव्हच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरीची पट्टी असते, तिथे ४०९६ एमबी दिसत होते. नॉर्मल टेक्स्चरवर (टेक्स्चर म्हणजे रस्ते-भिंतींवर चढवलेली चित्रं) गेम चाललाही. टेक्स्चर हाय केल्यावर मात्र काही वेळात रस्त्यावर गुलाबी-हिरवे चौकोन यायला लागले आणि ‘ईआरआर_जीएफएक्स_डी३डी_इनिट’ असा एरर देऊन गेम बंद पडू लागला. मित्रांनी सांगितलं, ‘भावा, ड्रायव्हर जुना आहे, अपडेट मार.’ व्हॅलोरंट हा दुसरा गेम तर सुरूच होत नव्हता, पण ते खातं त्याने तूर्त बाजूला ठेवलं होतं.

अपडेट मारायला गेला तर तिसरं वाक्य. मग व्हिडिओ बघून सेफ मोडमध्ये डीडीयू चालवलं, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. जुना ड्रायव्हर मुळासकट उडाला आणि नवा आत येईना. माझ्याकडे दुरुस्तीला टॉवर आला तेव्हा डेस्कटॉपवर एवढाले आयकॉन होते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’. बोलता बोलता त्याने एक गोष्ट सांगितली होती: ‘दादा, मधे विंडोजने आपणहून कुठला तरी चुकीचा ड्रायव्हर टाकला होता, ५५० टीआयचा. तो मी उडवला.’ त्याच्या लेखी ही विंडोजची आगाऊगिरी होती. मी ते वाक्य डोक्यात ठेवलं.

पहिला संशय: पास्कलची मुदत

त्याने डाउनलोड केलेला ड्रायव्हर ५९० मालिकेतला, म्हणजे ५९०च्या घरातल्या आवृत्तीचा होता, त्यामुळे पहिला संशय सरळ होता. जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड ऑक्टोबर २०१६मध्ये आलं. एनव्हिडिया चिपांच्या प्रत्येक पिढीला एक नाव देते, आणि त्यावरची जीपी१०७ चिप पास्कल पिढीची. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची मालिका असेल, हे एनव्हिडियाने २०२५मध्येच जाहीर केलं होतं. गेम रेडी, म्हणजे नव्या गेमसाठी निघणारे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पर्यंत आणि त्यापुढे ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही तिमाहीला एकदा. डिसेंबर २०२५मध्ये ५९० मालिका आली तेव्हा तिच्या यादीतून ९०० आणि १० (१०५०, १०६० वगैरे) या मालिकांची जीटीएक्स कार्डं गळाली. म्हणजे अस्सल १०५० टीआय असतं तरी ५९१ क्रमांकाच्या ड्रायव्हरने त्याला हेच वाक्य ऐकवलं असतं.

आपल्याकडे १०५० टीआय आणि १०६० अजून घरोघरी आहेत, त्यामुळे ही माहिती या प्रकरणाबाहेरही लागेल. जीटीएक्स १६५० किंवा १६६० वाल्यांनी घाबरायचं कारण नाही. नाव जीटीएक्सचं असलं तरी त्यांची चिप ट्युरिंग पिढीची आहे आणि ती यादीत आहे.

इथपर्यंत सगळं जुळत होतं. चूक मुलाची, कार्ड ठीक, ५८० मालिकेतला ड्रायव्हर टाका आणि पाचशे रुपये घ्या. ५८० मालिकेतला टाकला. पुन्हा तेच वाक्य, अक्षराचाही फरक नाही. पास्कलच्या मुदतीची गोष्ट खरी असूनही या मशीनला लागू पडत नव्हती.

डीडीयूबद्दल थोडं

दुसरा संशय सगळ्यांच्या आवडीचा: जुन्या ड्रायव्हरचे अवशेष. आमच्या धंद्यात ‘डीडीयू मार’ हा सल्ला डोकेदुखीवरच्या गोळीसारखा झालाय, कुठलंही दुखणं असो, आधी ती घ्यायची. डीडीयू चांगलं हत्यार आहे यात वाद नाही. इन्स्टॉलर निम्म्यावर फेल होत असेल, एएमडी काढून एनव्हिडिया किंवा उलट टाकलं असेल, विंडोज अपडेटने एक ड्रायव्हर आणि तुम्ही दुसरा टाकल्यामुळे खिचडी झाली असेल, तर तेच वापरायचं. आधी नवा ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा, नेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा, सेफ मोडमध्ये जा, साफ करा, रिस्टार्ट करा, नवा टाका आणि मगच नेट जोडा. नेट काढायचं कारण असं, की तुम्ही इन्स्टॉलर चालू करेपर्यंत विंडोज अपडेट त्याच्याकडचा ड्रायव्हर बसवायला घेतं आणि दोघांची झोंबाझोंबी होते. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर सेफ मोडला जायच्या आधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का तेवढं बघून घ्या. कित्येक लॅपटॉप एन्क्रिप्शन चालू ठेवूनच येतात. सेफ मोडच्या वाटेवर त्या मशीनने की मागितली आणि ती कुठे आहे हे ठाऊक नसलं, तर ड्रायव्हर राहिला बाजूला, डेटाच अडकतो.

पण तिसऱ्या वाक्यावर डीडीयूचा काडीचा उपयोग नाही. अवशेष असतील तर ते विंडोजच्या आत असतात. इन्स्टॉलर हार्डवेअर शोधतो तेव्हा अवशेषांकडे बघत नाही, स्लॉटमधल्या कार्डाला त्याचा क्रमांक विचारतो. कार्ड देईल तो क्रमांक स्वतःच्या यादीशी ताडून बघायचा, जुळला तर आत घ्यायचं. मशीन धुऊन पुसून लख्ख केलं तरी कार्ड तोच क्रमांक सांगणार.

कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का, एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची वायर लागली आहे का, हेही बघून झालं. मॉनिटरवर चित्र त्याच कार्डातून येत होतं, म्हणजे कार्ड जिवंत होतं.

क्रमांक

डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अॅडॅप्टरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स आणि यादीतून हार्डवेअर आयडीज. खिडकीत पीसीआयने सुरू होणाऱ्या चार ओळी येतात. ‘व्हेन’च्या पुढे कंपनीचा क्रमांक असतो: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. ‘डेव्ह’च्या पुढे त्या मॉडेलचा क्रमांक. ड्रायव्हर असो वा नसो, नाव काहीही दिसो, ही ओळ विंडोज थेट कार्डाकडून वाचते.

जीटीएक्स १०५० टीआयचा डेव्ह क्रमांक १सी८२. समोरच्या ओळीत होतं व्हेन_१०डीई, डेव्ह_१२४४.

यादी कुणालाही बघता येते, त्यासाठी मेकॅनिक लागत नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ईएक्सई फाइल सेव्हन-झिपने उघडली की आत ‘लिस्टडिव्हायसेस’ नावाची टेक्स्ट फाइल सापडते. त्या ड्रायव्हरला चालणारी सगळी कार्डं तिच्यात डेव्ह क्रमांकासकट ओळीने लिहिलेली असतात. ५८० मालिकेच्या फाइलीत १सी८२ शोधलं तर सापडलं, पुढे १०५० टीआय. १२४४ शोधलं तर काही नाही. मग ३९१.३५ हा जुना ड्रायव्हर उतरवला, मार्च २०१८मधला. त्याच्या फाइलीत १२४४ होता आणि पुढे नाव होतं जीफोर्स जीटीएक्स ५५० टीआय.

पोराच्या चेहऱ्याकडे बघून मी त्याला पहिल्यांदा चहा सांगितला.

जीटीएक्स ५५० टीआय मार्च २०११मध्ये आलं. चिप जीएफ११६, फर्मी पिढीची, ४० नॅनोमीटरवर बनलेली, १९२ कोर, मूळ मेमरी १ जीबी. १०५० टीआयमध्ये कोर ७६८ आणि मेमरी ४ जीबी. दोन्हींच्या मध्ये केप्लर आणि मॅक्सवेल अशा दोन पिढ्या होऊन गेल्या. फर्मीसाठी नवे गेम रेडी ड्रायव्हर २०१८मध्येच थांबले. नवे गेम वापरतात ती व्हल्कन ही ग्राफिक प्रणाली या चिपवर चालत नाही, व्हिडिओ रेकॉर्डिंगचा एनव्हीएन्क हा भाग तिच्यात नाहीच. म्हणजे विंडोज अपडेटने टाकलेला जो ड्रायव्हर पोराने ‘चुकीचा’ म्हणून हाकलला होता, तोच बरोबर होता. या सगळ्या भानगडीत खरं बोललेला तो एकटा.

जीपीयू-झेडमध्येही चिपच्या जागी जीएफ११६ दिसलं. या छोट्या प्रोग्रामने २०१८ सालच्या २.१२ आवृत्तीपासून बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखायला सुरुवात केली. असली कार्डं तेव्हाच जगभर एवढी पसरली होती की ती सोय करावी लागली. ओळखता आलं तर नावाच्या आधी ‘फेक’ असा शिक्काच मारतो. जुन्या जीटीएस ४५० आणि ५५० टीआयवर १०५० टीआय, ९५०, ७५० टीआय अशी नावं चढवून विकण्याचा धंदा काही नवा नाही.

नाव कुठून आलं?

क्रमांक ५५० टीआयचा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये महिनाभर १०५० टीआय कसं दिसत होतं? मला या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात रंजक वाटला.

डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाच्या वर पुसट अक्षरं होती: टेस्ट मोड, विंडोज १० प्रो, बिल्ड १९०४५. मुलाला वाटलं होतं की विंडोज अॅक्टिव्हेट नाही म्हणून काहीतरी येतंय. टेस्ट मोड म्हणजे कंपनीची डिजिटल सही नसलेले ड्रायव्हरही विंडोज आत घेऊ लागते. बीसीडीएडिट नावाच्या आज्ञेने तो चालू होतो, आपणहून कधीच होत नाही. पेनड्राइव्ह मागवून घेतला आणि बॅच फाइल न चालवता नोटपॅडमध्ये उघडली. तिसरीच ओळ ‘टेस्टसायनिंग ऑन’.

ड्रायव्हरसोबत आयएनएफ नावाची साधी मजकुराची फाइल असते. कुठल्या क्रमांकाच्या कार्डाला कुठलं नाव द्यायचं हे तिच्यातच लिहिलेलं असतं. पेनड्राइव्हवर जुना, फर्मीला चालणाराच एनव्हिडिया ड्रायव्हर होता. फक्त आयएनएफमध्ये १२४४ च्या पुढचं नाव खोडून १०५० टीआय टाईप केलेलं. नोटपॅडमध्ये दोन मिनिटांचं काम. पण आयएनएफमधलं एक अक्षर बदललं तरी एनव्हिडियाची सही जुळत नाही आणि विंडोज ती फाइल नाकारते. म्हणून टेस्ट मोड, म्हणून पेनड्राइव्ह, आणि ‘अपडेट मारू नये’ ही चिठ्ठीही म्हणूनच. अस्सल ड्रायव्हर एकदा आला की नाव गेलं.

याची खूण डीडीयूनंतरही शिल्लक होती. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमध्ये ‘सेटअपएपीआय.डेव्ह’ नावाचा लॉग असतो. मशीनमध्ये कुठला ड्रायव्हर कधी आणि कसा आला, याची ती रोजनिशी. तिच्यात त्या दिवसाची नोंद सापडली: फाइलचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) कॅटलॉगमध्ये, म्हणजे सही केलेल्या यादीत नाही, फाइल खराब झालेली असावी किंवा तिच्यात कुणीतरी ढवळाढवळ केलेली असावी. विंडोजने हे महिन्याभरापूर्वीच लिहून ठेवलं होतं. ड्रायव्हरच्या भांडणात हा लॉग उघडायची सवय फार थोड्यांना आहे. फाइल लांबलचक असते आणि वाचायला रटाळ, पण डेव्ह क्रमांक शोधला की नेमक्या जागी पोचता येतं.

व्हॅलोरंट का सुरू होत नव्हता तेही आता सुटलं. त्याचा व्हॅनगार्ड, म्हणजे चीट पकडणारा प्रोग्राम, टेस्ट मोडमधल्या विंडोजवर चालू होत नाही. चीट करणारेही बिनसहीचे ड्रायव्हर घुसवायला हीच वाट वापरतात, मग तो का सोडेल?

राहिला प्रश्न ४०९६ एमबीचा. नाव ड्रायव्हरने बदललं, मेमरीचा आकडा मात्र कार्डाच्या बायोसमधून, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या मूळ प्रोग्राममधून येतो, आणि तोही बदलून लिहिला होता. आकडा बदलला म्हणून मेमरी वाढत नाही. गेम १ जीबीच्या आत असेपर्यंत सगळं सुरळीत. टेक्स्चर हाय केले की गेम पुढची जागा वापरायला जातो, ती जागाच नसते, आणि मग रस्त्यावर गुलाबी-हिरवे चौकोन.

स्क्रू उघडल्यावर

मुलाची परवानगी घेऊन कार्ड खोललं. खरं तर खोलायची गरज नव्हती, मागची पट्टी नीट बघितली असती तरी पुरलं असतं. तिथे एचडीएमआय होतं, डीव्हीआय होतं आणि निळं व्हीजीए होतं. पास्कल पिढीपासून एनव्हिडियाच्या चिपमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नलच निघत नाही. १०५० टीआयच्या पाठीला निळं व्हीजीए दिसलं की हात आखडता घ्यायचा. त्या मुलाचा मॉनिटर जुना, व्हीजीएचाच, त्यामुळे त्याला ती सोय वाटली. विकणाऱ्याने जाहिरातीत ‘व्हीजीए पोर्टसह’ असं कौतुकाने लिहिलं होतं!

कार्डाला सहा पिनांची पॉवर लागत होती. ऑफिसच्या एसएमपीएसला तसली वायर नसते, म्हणून कन्व्हर्टर लावलेला. १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड आहे, बहुतेकांना वेगळी वायर लागतच नाही, स्लॉटमधूनच पुरते. पण काही कंपन्यांच्या ओव्हरक्लॉक केलेल्या १०५० टीआयला सहा पिना असतात, त्यामुळे नुसत्या पिनांवरून कुणावर चोरीचा आळ घेऊ नका. ५५० टीआयची भूक ११६ वॉटची. जुन्या एसएमपीएसवर स्वस्तातल्या कन्व्हर्टरमधून ती भागवणं मला तरी बरं वाटलं नाही.

पंखा आणि हीटसिंक काढला, उष्णता वाहून नेणारी, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली. चिपवर कोरलेलं: जीएफ११६-४००-ए१. अस्सल कार्डावर इथे जीपी१०७-४०० असतं. त्याच्या वरच्या ओळीतला तारखेचा कोड २०११ सालचा. भोवती सॅमसंगच्या मेमरीच्या चिपा, त्यातल्या काहींवर के४जी१०३२५ आणि दोघींवर के४जी२०३२५. ‘के४जी’नंतरचा १० हा आकडा एका गिगाबिटचा, २० हा दोनाचा. चार चिपा एकाच्या आणि दोन दोनाच्या, म्हणजे आठ गिगाबिट, म्हणजेच एक गिगाबाइट. ५५० टीआयची मूळ मांडणी अशीच होती.

विशेष म्हणजे कार्ड म्हणून ते वाईट नव्हतं. पेस्ट नवी लावली, टेस्ट मोड बंद केला, ३९१.३५ टाकला. पहिल्या झटक्यात बसला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जीटीएक्स ५५० टीआय. नवीन पेस्टमुळे पंख्याचा आवाजही कमी झाला.

पुढे काय केलं

विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद. यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट आणि चिपचा फोटो असं सगळं एकत्र करून मुलाच्या वडिलांनी १९३० वर तक्रार नोंदवली. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठीचा हा राष्ट्रीय क्रमांक. महिनाभर उशीर झाला होता. व्यवहारानंतर काही तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवले जायची शक्यता बरीच जास्त असते. एवढ्या उशिरानंतर फार आशा धरू नका, असं मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, ‘पैसे गेले ते गेले साहेब, पण नोंद असू दे.’ दुकानदाराकडून बिलावर घेतलेल्या वस्तूची असली तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

कार्डाचं काय करायचं, हा प्रश्न आला. मुलगा म्हणाला, ‘दादा, मी पण विकू का पुढं?’ विक, पण ५५० टीआय म्हणून. मी मागच्या बाजूला मार्करने ‘५५० टीआय, १ जीबी’ लिहून दिलं. अजून विकलेलं नाही.

मध्यंतरी टॉवरमधून कार्ड काढून प्रोसेसरच्या अंगच्या इंटेल ग्राफिक्सवर मशीन चालू केलं. टेस्ट मोड गेल्यामुळे व्हॅलोरंट सुरू झाला, कमी सेटिंगवर का होईना. जीटीएचा नाद त्याला काही दिवस सोडावा लागला.

नंतर त्याने पुन्हा सेकंडहँड १०५० टीआयच घेतलं. मी १६५० सुचवलं होतं, कारण ड्रायव्हर अजून येतायत, पण खिशाचा प्रश्न होता. या वेळी कार्ड घरी मागवलं नाही. विकणाऱ्याच्या घरी गेला, चालू मशीनमध्ये कार्ड बघितलं. मागे व्हीजीए नाही, क्रमांक १सी८२, कोपऱ्यात टेस्ट मोडची अक्षरं नाहीत. मग त्याच्याच मशीनवर गेम लावून टेक्स्चर एवढे वाढवले की वापरलेली मेमरी ३ जीबीच्या वर गेली, आणि अर्धा तास तसंच चालू ठेवलं. विकणारा वैतागला, पण त्याने चालू दिलं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं तो फार तर वैतागतो. ‘इथे लावून बघता येणार नाही, घरी जाऊन बघा’ असं म्हणणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

या कार्डावर ५८० मालिकेतला ड्रायव्हर टाकला. इन्स्टॉलरमध्ये एक्सप्रेसऐवजी कस्टम निवडून क्लीन इन्स्टॉलवर टिक केली, कारण मशीनमध्ये आधी ३९१.३५ होता आणि त्याची जुनी प्रोफाइलं नको होती. डीडीयूची गरज पडली नाही. आता ५८० मालिकेत सुरक्षेची दुरुस्ती आली की तेवढीच उतरवायची. ५९० किंवा पुढचा क्रमांक दिसला तर हात लावायचा नाही, हे त्याच्या वहीत लिहून दिलं आहे. विंडोज १० चा प्रश्न मात्र वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, आणि चौथ्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. म्हणजे पुढचा खर्च कार्डाचा नाही, मदरबोर्ड आणि प्रोसेसरचा.